आईचं प्रमाणपत्र

“साहेब, माझ्या आईला तुम्ही नक्की काय शिकवलंत?”

‘विचारून दाखव,’ मैत्रिणी म्हणाल्या होत्या, म्हणून प्रमाणपत्रांच्या भर समारंभात मी नगरपालिकेच्या साहेबांना विचारलंच.

करोनात कारखाना बंद पडेपर्यंत आई बारा वर्षं शर्ट शिवत होती. मग नोकरीचं आश्वासन देऊन नगरपालिका आणि व्यापारी संघाने शिवणवर्ग काढला. शिकवायला कुणी आलंच नाही. तीन महिने आईनेच सगळ्यांना शिकवलं, आणि आज तिलाच ‘प्रशिक्षित’ म्हणून प्रमाणपत्र.

“नोकरीचं पुढच्या टप्प्यात बघू, बाळ,” म्हणत साहेब फोटोसाठी आईशेजारी सरकले. मला हातातला पेढा खाववेना.

घरी येताच मी सांगून टाकलं, “आई, उद्यापासून तुझा शिवणवर्ग आपल्या ओसरीवर भरणार, फी घेऊन. बाबा, तुमची खाट आत घ्या. पाटी मी रंगवतेय.”