शेवटची खुर्ची

जावई कारखान्यात बेअरिंगमध्ये पोलादी गोळ्या बसवायचा, सासरे चारचौघांत सांगत, “आमचे जावई गोट्या खेळतात.” आज सासरची मंडळी पहिल्यांदाच त्याच्याकडे जेवायला आली, आणि इवल्याशा खोलीत गोल टेबलाभोवती शेवटची खुर्ची काही केल्या मावेना. “मी उभ्यानेच जेवतो,” सासरे म्हणाले. त्याने टेबल एका भिंतीला टेकवलं, समोर मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं, स्वतःही शिरला आणि एकेकाला दोन्ही बाजूंना सरकवत टेबल पुन्हा मधोमध आणलं. प्रत्येकाला सारखी जागा मिळाली. “बेअरिंगमध्ये आतली कडी बाजूला सरकवून गोळ्या अशाच भरतात,” तो म्हणाला. “एकदा बसल्या की निसटत नाहीत.” सासऱ्यांनी बंद दाराला घट्ट टेकलेल्या खुर्चीत मान डोलावली. “मानलं बुवा तुम्हाला.” तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, जेवण स्वयंपाकघरातच राहिलं.” कुणालाच उठता येईना. सासऱ्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. “जावईबापू, घरंगळा.”