डोळ्यांची काळजी

दुकानदाराने मॅट आणि चकचकीत ग्लॉसी पडद्याचे दोन लॅपटॉप शेजारीशेजारी मांडून मॅट पडद्याचे माहात्म्य सांगितले: प्रतिबिंब पडत नाही, डोळे शिणत नाहीत. घरी बसून भाषांतराची कामे करणारी ती मात्र ग्लॉसीवरच अडून राहिली.

"वहिनी, त्यात काम कमी आणि स्वतःचा चेहराच जास्त दिसेल," दुकानदार म्हणाला.

"बायकांना आरसा कुठलाही चालतो हो," तिचा नवरा हसला. "मॅटच बांधा. हिच्या डोळ्यांची काळजी हिला नसली, तरी मला आहे."

तिने पुन्हा एकदा "ग्लॉसीच हवा" म्हणून पाहिले. पण का हवा, हे नवऱ्यादेखत सांगण्यासारखे नव्हते.



जुन्या लॅपटॉपच्या ग्लॉसी पडद्यात तो दबक्या पावलांनी पाठीमागून येताना दिसे, आणि बहिणीला लिहीत असलेले झाकायला तिला तेवढी सवड मिळे.