मधली मूठ

सकाळी साडेसात वाजता ठमाबाईंच्या हातातून विळा सुटला आणि पायाच्या अंगठ्याशेजारी मातीत रुतला. लागलं नाही. पलीकडच्या सरीत खुरपणारे त्यांचे यजमान कुंडलिकराव उठून आले. त्यांनी विळा उचलला, कमरेला खोचला आणि म्हणाले, "राहू दे आता."

एवढंच. ठमाबाईंना ते दिवसभर पुरलं.

दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, असं कुंडलिकरावांचं मत होतं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र ताब्यात आलं नाही. कळंबच्या मळ्यात फ्लॉवर उभा होता, महिन्याभरात तोडणीला येणार होता. पहिला गड्डा घरच्या बाईने कापायचा आणि बांधावरच्या म्हसोबापुढे ठेवायचा, ही या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून तो मान ठमाबाईंचा होता. 'राहू दे'मध्ये तोही आला का, हे त्यांनी विचारलं नाही. नवऱ्याने सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात पार्सल आलं. कुंडलिकरावांनी सुनेच्या, वृषालीच्या मोबाइलवरून मागवलेलं. आत घडीचा चाकू होता. पातं वाघाच्या नखासारखं वाकडं, मुठीच्या टोकाला बोट घालायची कडी.

"करंबिट म्हणतात याला," वृषाली म्हणाली. "पण मामा, कशाला हवा?"

"बिबट्या फिरतोय."

पार्सलवाला सही घेता घेता हसला. "बिबट्यासंगं कुस्ती धरायची का काय, बाबा?"

"बिबट्याचं काय घिऊन बसलास? घरात वाघीण सांभाळतोय मी."

ठमाबाईंनी आलेलं हसू दिसू नये म्हणून चुलीकडे तोंड फिरवलं.

चार दिवसांत तो चाकू फळीवर पडला. खिशात मावेल असा सुटसुटीत होता, पण मूठ आखूड आणि म्हणून पातंही आखूड. पातं मिटून मुठीतच बसायचं, ते मुठीहून लांब असणार कसं? दुसरा आला तो थोराड. पातं लांब, तशी मूठही लांब आणि जड. कडीत बोट घालून धरला की खालचं टोक लोंबायचं. कुंडलिकराव ओट्यावर बसून तो उघडत, मिटत, हात मागे-पुढे नेऊन बघत.

"मूठ पेलंना," ते म्हणाले.

"जल्मभर कोयता पेलला, आन हे खेळणं पेलंना?" ठमाबाई म्हणाल्या. "बिबट्या काय माप घिऊन येनार हाय का?"

दुसराही फळीवर गेला.

याच दिवसांत संध्याकाळी म्हशीपुढे बांधाकडचे किडके गड्डे दिसू लागले. ठमाबाईंनी एक उचलून देठ पाहिला. उंदराने कुरतडल्यासारखा, दोन-तीन घावांचा. एका ओढीत गड्डा मोकळा करणारा हा माणूस.

"तुमच्या बी हातावरनं वारं गेलं का काय?"

"वय झालं," कुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी चहाची कपबशी डाव्या हातात घेतली. उजवा हात उपरण्याखाली होता.

तिसरा चाकू मधल्या मापाचा आला. मूठ तळहाताएवढी, पातं देठाला वळसा घालेल एवढं. तो फळीवर गेला नाही. म्हशीपुढचे देठही हळूहळू साफ कापलेले दिसू लागले. ठमाबाईंनी मनाशी धरलं, यंदा पहिला गड्डा यांनी स्वतःच कापायचं ठरवलेलं दिसतंय. बिबट्या हे निमित्त.

तोडणीच्या दिवशी बायका ऊन चढायच्या आत मळ्यात आल्या. मंचरच्या बाजाराला माल नेणारा टेम्पो रस्त्याला उभा होता. तोडणीवाली भागूबाई सरीच्या तोंडाशी थांबली.

"यंदा सूनबाईचा हात लागायचा का, वहिनी?"

वृषाली खाली बघू लागली.

"तिचाच लागू द्या," ठमाबाई म्हणाल्या. "आज न्हाई उद्या तिचंच हाय." आवाज नीट आला. फक्त पदराचं टोक हातातून सुटेना.

"तिचं तिच्या टायमाला," कुंडलिकराव म्हणाले. त्यांनी खिशातून चाकू काढला, पातं उघडलं आणि पहिल्या गड्ड्याशी उकिडवे बसले. "ये अशी. बस."

ठमाबाई बसल्या. नवऱ्याने त्यांचा उजवा हात घेतला, अंगठ्याशेजारचं बोट कडीत घातलं आणि मूठ तळहातात टेकवली.

"ही दोन बोटं नुसती वर ठिवायची. त्येंच्याकडनं काय मागायचं न्हाई. मनगट फिरवू नको, कोपर सरळ मागं घे. कडी वढ घेती. सुटत न्हाई."

"तुमाला काय ठावं? तुमची बोटं धड हायेत."

"सुटत न्हाई म्हणलं ना."

पातं पानांखाली गेलं आणि देठाला वळसा घालून टेकलं. रस्त्यावरून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, कुणी तिकडे बघितलं नाही. ठमाबाईंनी अजून कोपर मागे घेतलं नव्हतं. त्यांच्या हातावर नवऱ्याचा उजवा हात होता, आणि इतक्या दिवसांत तो त्या पहिल्यांदाच उजेडात, जवळून बघत होत्या. त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींभोवती सुतळी आवळून बांधल्याचे वळ होते. जुने काळे पडलेले, आणि त्यांच्यावर कालचा एक लाल.