पोझिशनचा रकाना

बेसबॉलच्या अर्जात ‘पोझिशन’ असा रकाना होता आणि चार्वीच्या आईने कुणाला न विचारता त्यात ‘पहिली’ लिहून टाकलं. बालवाडीपासून तिने लेकीच्या बाबतीत दुसरं काही लिहिलंच नव्हतं. प्रशिक्षक घोरपडे सरांनी ते वाचून चार्वीला पहिल्या बेसवर उभं केलं.

दीड महिना चार्वीने खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून खांदा कमावला. एका शनिवारी तिने मैदानाच्या पार टोकावरून फेकलेला चेंडू एकही टप्पा न घेता सरांच्या ग्लव्हमध्ये येऊन आदळला. सरांनी हात झटकला आणि तिला तिसऱ्या बेसवर पाठवलं. ती उड्या मारतच गेली.

आई मात्र कडेच्या खुर्चीवरून उठून तरातरा मैदानात आली. “पहिलीची एकदम तिसरी? काय चुकलं तिचं?”

“ताई, काही चुकलं नाही. तिथून फेक लांब असते, जोरदार हात लागतो.”

“मग जोर थोडा कमी करून घेते मी घरी. पण पहिली राहू दे.”

सरांनी बराच वेळ डोक्यावरची टोपी चाचपली. “ताई, तुम्ही पलीकडच्या बाजूला बसा. तिकडून मोजलं की तीच पहिली.”

आईने खुर्ची उचलली, पलीकडे नेऊन मांडली आणि बोटाने तिन्ही बेस मोजून पाहिले. मधल्या बेसवर शेजारच्या पाध्यांची मुलगी उभी होती.

“ही बिचारी,” आई पहिल्यांदाच हसली, “दोन्हीकडून दुसरीच.”