पाच सऱ्यांचं पाचट

तोडणी होऊन ऊस गेला आणि आबांनी रानातलं पाचट पेटवायला काडेपेटी काढली, तशी सून सारिका आडवी आली. "एवढ्या पाच सऱ्या तरी ठेवा, आबा. वाळला पाला पसरून ठेवला की जमिनीत ओल टिकते."

"आन् माणसं काय म्हणतील? ह्यांना रान साफ करायचाबी कंटाळा!" आबा करवादले. लख्ख रान म्हणजे त्यांची जन्मभराची ऐट. पण सून लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागत होती. पाच सऱ्या सोडून त्यांनी बाकीचं रान जाळलं आणि लाजेनं आठवडाभर पारावर फिरकले नाहीत.

चैत्रात पाटाचं पाणी तीन आठवडे लांबलं. जाळलेल्या रानात तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले खोडव्याचे कोंब माना टाकू लागले. चप्पल तुटली म्हणून अनवाणी चालताना तळवे पोळले, तसे आबा सुनेच्या सऱ्यांत शिरले आणि थबकलेच. पाचटाखाली माती गार होती. कोंब हिरवेगार होते. त्या दिवसापासून ते भाकरी तिथंच बसून खाऊ लागले. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या तोडणीनंतर शेजारच्या म्हादूनं आपलं पाचट पेटवलं. सारिका धावत आली, तर आबांच्या सबंध रानात पाचट पसरलेलं आणि आबा बांधावर ओल्या पोत्यानं ठिणग्या झोडपत होते.

"जळू द्या की आबा, कचराच हाय!" म्हादू म्हणाला.

"कचरा न्हवं," आबा कडाडले, "माझ्या सुनेच्या शब्दावर अंथरलंय त्ये!"