बादलीपुरता कचरा

"केळीची सालं?"

"जातात."

"आंबानी कोय?"

"एक एचपीत कोयसुद्धा जाते, नाना. पीठ होतं तिचं."

मशीनला न पेलणारा कचरा प्रेमराज नाना आठवू लागले. धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या त्यांच्या जुन्या घरात, ओट्याखाली डोकं घालून बसलेला दुकानाचा माणूस लीलाधर त्यांना यमदूतासारखा दिसू लागला. सिंकखाली कचरा दळायचं मशीन बसवायचं होतं. अर्ध्या एचपीचं, पाऊण की एक, एवढंच ठरायचं बाकी होतं.

मशीन घेत होती त्यांची लेक दिपमाला. ती नाशिकहून माहेरी आली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी घंटागाडीचं गाणं वाजलं आणि सत्तरीचा बाप ओल्या कचऱ्याची बादली घेऊन, गुडघा धरत, घराबाहेर पडताना तिनं पाहिला. तिचे डोळे भरून आले. लेकीची माया ती, तिला आवर कोण घालणार?

आता या मायेला सांगायचं कसं, की नानांचा गुडघा फक्त दारापर्यंतच दुखतो? घंटागाडी गल्लीत शिरत नाही, तोंडाशी थांबते. तिथे बादली रिकामी झाली की नानांची पावलं आपोआप भिकनच्या हॉटेलाकडे वळत. गरम कचोरी, सोबत तळलेली मिरची आणि बाकावर एस.टी.तले जुने सोबती. डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून तर ही चोरून खाल्लेली कचोरी म्हणजे नानांचा जीव की प्राण. परतताना तोंडात मूठभर बडीशेप. घरी झुंबरबाई विचारायची, "आज बी गाडी लेट?" नाना म्हणायचे, "लेट." जन्मभर एस.टी.त कंट्रोलर असलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभूनही दिसायचं.

कचराच नसेल तर कचोरी कुठली?

नानांनी कंबर कसली. "पाइप जुना शे ह्या घरना. तुंबी जाई."

"मोठं मशीन बारीक दळतं, नाना. जुन्या पाइपाला उलट तेच बरं."

"ओटाखाले जागा नही."

लीलाधरनं टेप लावला. जागा होती, वर चार बोटं उरत होती.

"मातीन्या भिती शेतस. मोटर चालू व्हयनी का बठ्ठं घर हाली!"

"शेजारी इतकी वर्षं पिठाची गिरणी चालतेय, तेव्हा नाही हाललं ते?" दिपमाला म्हणाली.

गप्प बसणं नानांना कधी जमलंच नव्हतं. कोपऱ्यात झुंबरबाई मेथी निवडत होती, तिकडे त्यांचा मोर्चा वळला. "देठ जास्त ठेवी राहिनी तू. आनि ते दूध दख, वर उनं." रिटायर झाल्यापासून नानांना सोडायला गाड्या उरल्या नव्हत्या, म्हणून ते स्वयंपाकघराचं वेळापत्रक सांभाळत. कुकरची शिट्टी लवकर झाली की उशिरा, फोडणी वेळेवर पडली की नाही, सगळ्यावर त्यांचा कंट्रोल. झुंबरबाईनं उठून गॅस बारीक केला आणि पुन्हा मेथीशी येऊन बसली.

"ठरलं तर मग," दिपमाला म्हणाली. "एक एचपी. यात सगळं जातं. नाना, आता तुम्हाला बादली नको, गाडी नको. सकाळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं कामच नाही."

नानांना कचोरीचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते भिकनच्या बाकावरच्या जागेचं. ती आता दुसरं कुणीतरी बळकावणार. लेकीनं प्रेमानं गळा कापला की ओरडताही येत नाही.

"म्हंजे बठ्ठा दिवस घरमाच?" झुंबरबाईनं विचारलं. मेथीवरचे तिचे हात थांबले होते.

"हो ना, माय! आता नुसता आराम."

झुंबरबाई उठली. पदराला हात पुसत लीलाधरसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, ते अर्धानं शे ना, त्यामा काय काय जात नही?"

"त्याचं नाव काढू नका, अक्का. केळीची साल अडकते, कोय जात नाही, मेथीचे देठ गुंडाळून बसतात, कणसाचं तर विचारूच नका. रोज बादलीभर कचरा तसाच उरेल."

"मंग तेच बसाड."

नानांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! कचोरी, बडीशेप, लेट गाडी, सगळं. आणि तरी ही बाई आपल्या बाजूनं उभी राहिली. उभ्या संसारात आपण हिला ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं. ते हळूच म्हणाले, "मन्हा गुडघा... आते बराच बरा शे."

दिपमाला वैतागली. "अगं माय, मग मशीन घ्यायचं तरी कशाला? नाना पुन्हा रोज बादली घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाणार!"

झुंबरबाईनं मेथीचे देठ गोळा केले, मुद्दाम चारदोन पानंही त्यात टाकली आणि सगळं बादलीत सोडलं.

"मशीन लहान का मोठं, माले काय करनं शे? तुन्हा बाप रोज तासभर घरना बाहेर जाई, इतला कचरा उरालेच पाहिजे."