दोघी जावांत एकच कोट

शीतगृहात वर्षाच्या मध्यावर झिजलेले कोट बदलून मिळत, पण यंदा मुकादमाने दोघी जावांत एकच नवा कोट दिला. थोरलीच्या कोटाच्या चेनने कधीच मान टाकली होती. ती नाडीने कोट आवळून गोठलेल्या माशांच्या पेट्या रचायची. धाकटीचा कोट धड होता, खोकला मात्र दणदणीत. "घे तूच, माझी हाडं थंडीत मुरलीत," म्हणत थोरलीने मोठेपणा घेतला. सोमवारी धाकटी आत आलीच नाही. थोरली काळजीने शोधत निघाली, तर बाईसाहेब बाहेर उन्हातल्या खिडकीशी पावत्या फाडत बसलेल्या, खोकला गायब. "इथली बदली केव्हाच ठरली होती, जाऊबाई. सांगायचं राहूनच गेलं." थोरलीची नजर खुर्चीला अडकवलेल्या नव्या कोटावर गेली. "मग हा देतेस ना?" धाकटी कोटाला रेलली. "दिला असता हो, पण या खुर्चीचा पत्रा पाठीला गार लागतो."